टाळेबंदीत लहान मुलांचे खेळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरात अडकलेल्या लहान मुलांच्या खेळाविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. 11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-19 ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांतच 190 हून अधिक देशांत शाळा बंद झाल्या. युनेस्कोच्या हिशेबाप्रमाणे त्याचा फटका दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांना बसला. बुडालेल्या अभ्यासाबद्दल तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले, पण बुडालेल्या खेळाबद्दल त्या मानाने फारच थोडे. खरे तर संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारातील 31 व्या कलमात खेळाला मुलांचा हक्क म्हणून स्पष्ट स्थान दिलेले आहे, आणि हा हक्क संकटाच्या काळात स्थगित होतो असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. टाळेबंदीच्या काळात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे निवडली आहेत, आणि उत्तरेही त्याच काळातली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. बालवाडी बंद झाल्यापासून मी रोज रात्री फोनवर शोधून दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक तयार करते. त्यात ठशांची चित्रे, कागदकाम, अक्षरओळख, रंगांचे प्रयोग असे सगळे असते. तयारीला मला तासभर लागतो आणि तिचे लक्ष पाच-दहा मिनिटांत उडते. मग दिवसभर “मला कंटाळा आला” अशी भुणभुण सुरू होते. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर : तुमच्या पत्रातून तुमचा थकवा जाणवतो, म्हणून आधी तुमचे काम हलके करणारी गोष्ट सांगते : उद्याचे वेळापत्रक करू नका. तुम्ही तयार करता ते उपक्रम वाईट नाहीत, परंतु त्यांत काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि शेवटी हातात काय यायला हवे हे सारे तुम्ही आदल्या रात्रीच ठरवून ठेवलेले असते, त्यामुळे मुलीच्या वाट्याला केवळ सूचना पाळण्याचे काम उरते. खेळात हे सगळे मुलाने ठरवायचे असते, मध्येच मोडायचे असते आणि पुन्हा वेगळे ठरवायचे असते. बालवाडीतही तुमची मुलगी ज्यात सर्वांत जास्त रमत असेल, तो वेळ बहुधा बाईंनी आखून दिलेल्या कामाचा नसून दोन कामांच्या मधला असेल.

मग तुम्ही काय करायचे? मोकळा वेळ, थोडी जागा, थोड्या वस्तू आणि जवळपास वावरणारे एक मोठे माणूस, एवढ्याची सोय करायची. तयार खेळणी तर थोडीच असावीत, हे मी मुद्दाम सांगते आहे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा चार खेळणी देऊन आणि एकदा सोळा खेळणी देऊन खेळू दिले होते. चारच खेळणी समोर असताना मुले प्रत्येक खेळण्यापाशी अधिक वेळ थांबली आणि त्याच्याशी अधिक प्रकारांनी खेळली. तुमची मुलगी त्या मुलांहून मोठी असली, तरी हा प्रयोग तुम्हाला घरी सहज करता येईल. निम्म्याहून अधिक खेळणी एका पेटीत भरून नजरेआड ठेवा आणि आठवड्याने अदलाबदल करा.

खेळण्यांखेरीज घरात जे असते, ते तर याहून उपयोगाचे आहे. सायमन निकोलसन या ब्रिटिश कलाकाराने 1971 मध्ये ‘सुट्या वस्तूं’ची कल्पना मांडली. ज्या वस्तू हलवता, जोडता, रचता आणि मोडता येतात, त्या जितक्या अधिक तितका मुलांच्या कल्पकतेला वाव अधिक, असा तिचा आशय आहे. पुठ्ठ्याची खोकी, जुनी चादर, कपडे वाळत घालण्याचे चिमटे, डब्यांची झाकणे, रिकाम्या बाटल्या, उशा, एखादी ओढणी यांना ठरलेला उपयोग नसल्यामुळे त्यांचे काय करायचे हे मुलालाच शोधावे लागते. बॅटरीवर बोलणारे, गाणारे खेळणे बहुतेक काम स्वतःच करून टाकते आणि मुलाकडे फक्त कळ दाबणे राहते.

राहिला प्रश्न कंटाळ्याचा. “कंटाळा आला” हे मुलाचे वाक्य म्हणजे आपल्यावर ठेवलेला ठपका आहे असे समजून आपण धावत जातो. पाणी चुलीवर ठेवल्याबरोबर उकळत नाही, तसाच खेळही लगेच सुरू होत नाही. आधी मूल घरभर रेंगाळते, खिडकीशी जाते, तुमच्या पायात घोटाळते, काहीतरी उचलते आणि टाकते. हा वेळ वाया जात नाही. त्यात तुम्ही नवा उपक्रम पुढे केलात की तिचा शोध तेथेच थांबतो. जवळ बसून तुमचे काहीतरी काम करत राहा, तिची तक्रार ऐकून घ्या, “हो, कधीकधी काय करावे सुचतच नाही” एवढे म्हणा आणि पाव तास वाट पाहा. एकदा खेळ लागला की “हे काय केलेस?”, “हा कोणता रंग?” असे प्रश्न विचारण्याचा मोह आवरा, कारण चांगल्या खेळाची परीक्षा घेतली की तो आटोपतो. शक्य असेल तेव्हा तिने रचलेले घर रात्रीही तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी खेळ तेथूनच पुढे सुरू होईल आणि तो आदल्या दिवसापेक्षा लांबेल.

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा काही आठवड्यांपासून एकच खेळ खेळतो. बाहुलीला ‘कोरोना’ होतो, तिला पलंगाखाली एकटे ठेवले जाते, तिला भेटायची परवानगी कोणालाही नसते आणि कधीकधी ती मरते. या आजाराने त्याच्या आजोबांना रुग्णालयात ठेवावे लागले होते. ते आता बरे होऊन घरी आले आहेत. मुलाच्या आईला हा खेळ पाहवत नाही. आम्ही तो थांबवावा का?

उत्तर : थांबवू नका. तुमचा मुलगा जे करतो आहे ते पाहणे अवघड असले, तरी त्याच्या वयाच्या मुलाजवळ एवढ्या मोठ्या घटनेचा अर्थ लावण्याचे याहून चांगले साधन नाही. आजोबांना नेले तेव्हा त्याला कोणी काही विचारले नसेल. कोण गेले, का गेले, परत येणार की नाही, आपण का भेटू शकत नाही, हे सारे मोठ्यांच्या दबक्या आवाजातल्या बोलण्यातून त्याने टिपले असेल. घटनेत त्याच्या हाती काहीच नव्हते. खेळात मात्र बाहुलीला पलंगाखाली कधी ठेवायचे आणि कधी बाहेर काढायचे हे तो ठरवतो. तोच डॉक्टर, तोच दारावरचा पहारेकरी आणि तोच बातमी सांगणारा असतो. भीतीला असे हाताळता येईल इतके लहान करून मूल ती पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहते. मुले यासाठीच एक खेळ अनेकदा खेळतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी 1933 मधील आपल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले होते की खेळात मूल आपल्या नेहमीच्या वागण्याच्या आणि वयाच्या पुढे जाते. तुमच्या मुलाच्या खेळातही हे दिसते, कारण एरवी पाच मिनिटे धीर न धरणारा मुलगा ‘भेटायला बंदी आहे’ हा स्वतःच घातलेला नियम निष्ठेने पाळतो आहे.

तुमचा मुलगा यात एकटा नाही. या महासाथीत अनेक देशांतील मुलांनी शिवाशिवीच्या खेळात ज्याच्यावर राज्य आहे त्याला ‘कोरोना’ करून टाकले आणि बाहुल्यांना मुखपट्ट्या बांधल्या. आजूबाजूला जे मोठे आणि न समजणारे घडते, ते मुलांच्या खेळात शिरल्याशिवाय राहत नाही.

खेळ चालू असताना तुम्ही जवळ असा, पण त्याचा ताबा घेऊ नका. त्याने बोलावले तर तो देईल ती भूमिका घ्या आणि खेळाच्या आत राहूनच बोला : “डॉक्टर, हिला तहान लागली असेल का?”, “हिला काही निरोप पाठवायचा आहे का?” अशा प्रश्नांनी बाहुलीच्या मनात काय चालले आहे हे त्याला सांगता येते आणि त्याच्या स्वतःच्या मनातले काही कळण्याची वाट तुम्हालाही मिळते. बाहुली मेली तर “नाही नाही, ती बरी झाली” असे म्हणून शेवट बदलू नका. तो शेवट त्याला का हवा आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि मूल पुढे कधीतरी तो आपण होऊन बदलते.

खेळाबाहेर, वेगळ्या वेळी, त्याला खरी माहिती सोप्या शब्दांत द्या. आजोबा आजारी होते, डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी त्यांची काळजी घेतली, ते आता घरी आहेत, हे त्याला अनेकदा ऐकावे लागेल. त्यासोबत एक वाक्य अवश्य सांगा : “तू काही केलेस म्हणून ते आजारी पडले नाहीत.” या वयाच्या मुलांना आपल्या हट्टामुळे किंवा मनात आलेल्या वाईट विचारामुळे गोष्टी घडतात असे वाटू शकते आणि ते ती बोलून दाखवत नाहीत. नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी 16 मार्च 2020 रोजी फक्त मुलांसाठी पत्रकार परिषद घेतली, त्यांचे प्रश्न ऐकले आणि एकाच वेळी इतके काही घडत असताना भीती वाटणे स्वाभाविक आहे असे त्यांना सांगितले. सरकारच्या प्रमुखाला हे करण्याची गरज वाटली, याचे मला फार मोल वाटते. घरातही तेवढ्याच गांभीर्याने मुलाचे प्रश्न ऐकले जावेत. आजोबा दूर राहत असतील तर फोनवर त्यांचा चेहरा रोज थोडा वेळ दिसू द्या.

काळजी कधी करावी? खेळ अनेक आठवडे तसूभरही न बदलता, आनंदाचा लवलेश नसताना चालू राहिला, खेळल्यानंतर मूल शांत होण्याऐवजी अधिक अस्वस्थ होऊ लागले, झोप आणि खाणे बिघडले, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतून टिकून राहिली किंवा मूल स्वतःला अथवा इतरांना इजा करू लागले, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा मुलांच्या समुपदेशकांशी बोलावे. तुमच्या पत्रात यांपैकी कशाचाही उल्लेख नाही.

मुलाच्या आईविषयी एक शब्द. तिने हा खेळ पाहिलाच पाहिजे असे नाही. तिची स्वतःची भीती अजून ताजी आहे, आणि रडू येत असताना शांत चेहऱ्याने बाहुलीशेजारी बसण्याची सक्ती कोणी तिच्यावर करू नये. त्या वेळी मुलाजवळ तुम्ही बसा आणि तिला दुसऱ्या खोलीत जाऊ द्या.

प्रश्न : आम्ही दोघेही घरून काम करतो. मुलगा तीन वर्षांचा आहे. बैठक सुरू झाली की तो मांडीवर चढतो. दिवसभर त्याला “थांब, दोन मिनिटे” म्हणत राहतो आणि रात्री दोघांनाही अपराधी वाटते. त्याच्याशी खेळायला वेळ काढायचा कोठून?

उत्तर : दिवसभर मुलाशी खेळत राहण्याची अपेक्षा कोणीही ठेवू नये. ती टाळेबंदीआधीही कोणी पूर्ण करत नव्हते. क्रम मात्र बदलून पाहा. काम सुरू करण्यापूर्वी तुमच्यापैकी एकाने फोन दूर ठेवून, जमिनीवर बसून, पंधरा-वीस मिनिटे मुलगा म्हणेल तो खेळ खेळावा. आधी काम आणि उरलेल्या वेळात मूल असा क्रम असला की त्याला सतत वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणारे मूल खेळू शकत नाही. ज्याला आधी मनासारखे माणूस मिळाले आहे, ते मूल त्यानंतर काही काळ एकट्याने खेळण्याची शक्यता बरीच अधिक असते.

त्याला दुसऱ्या खोलीत पाठवू नका. तीन वर्षांचे मूल मोठे माणूस दिसेल तेथेच रमते. तुमच्या टेबलाखाली चादर सोडून त्याची गुहा करा आणि तेथे त्याच्या थोड्या वस्तू ठेवा. मध्येच तो काही दाखवायला आला तर त्याच्याकडे पूर्ण वळून एक वाक्य बोला. याला काही सेकंद लागतात, आणि नजर न उचलता दहा वेळा “हं” म्हणण्यापेक्षा ते त्याला अधिक काळ पुरते. “दोन मिनिटे” हा शब्दप्रयोग सोडून द्या, कारण ती दोन मिनिटे नसतात हे त्याला कळलेले आहे. त्याऐवजी दिसेल अशी खूण द्या : घड्याळाचा मोठा काटा तळाशी आला की मी उठणार. आणि काटा तळाशी आला की खरोखर उठा, मग काम अर्धवट राहिले तरी चालेल. एकट्याने मूल सांभाळून नोकरी करणाऱ्या पालकांना यातले अर्धेही जमणार नाही. त्यांनी सकाळचा तो एक तुकडा तेवढा जपावा.

प्रश्न : माझी नात दीड वर्षाची आहे. दोन खोल्यांचे घर, बाहेर जाणे बंद. सून आणि मुलगा कामात असतात, म्हणून मी तिला फोनवर गाणी लावून देते. हे वाईट आहे का? तिला धावायला जागाच नाही.

उत्तर : आजी, तुम्ही दिवसभर नातीला सांभाळता आहात, हेच या घरातले सर्वांत मोठे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल व्हावी, त्यांना एका वेळी तासाहून अधिक काळ बाबागाडीत किंवा खुर्चीत अडकवून ठेवू नये, एक वर्षाच्या मुलांना फोन-टीव्हीचा पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलांना एका तासाहून अधिक नाही. ही मर्यादा टाळेबंदीत सगळ्यांना पाळता येईल असे मी म्हणणार नाही. एखादे दिवशी ती ओलांडली तर फोन तिच्या हातात देऊन निघून न जाता शेजारी बसा आणि गाणे तुम्हीही म्हणा. त्याहून सोपे म्हणजे फोन न लावता तुमच्या आठवणीतली गाणी म्हणा. ती तुमचा चेहरा पाहते, तुम्ही थांबलात की “पुढे” असे खुणावते आणि तुम्ही पुढची ओळ म्हणता. अशी देवाणघेवाण फोन करू शकत नाही. दूरच्या नातलगांशी समोरासमोर दिसून बोलणे मात्र वेगळे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला देतानाही अशा बोलण्याला सूट दिली होती.

जागेचे म्हणाल तर 180 मिनिटे म्हणजे धावणेच नव्हे. गादी जमिनीवर टाका आणि तिला उशांच्या ढिगावर चढू-उतरू द्या. पुठ्ठ्याचे खोके ढकलू द्या, एका डब्यातले चिमटे दुसऱ्या खोलीतल्या डब्यात नेऊन टाकू द्या. या वयात वस्तू वाहून नेणे, ओतणे आणि पुन्हा भरणे याचा कंटाळा येत नाही. जेथे नियमांनी परवानगी दिली आहे तेथे तिला थोडा वेळ बाहेर न्याच. स्पेनमध्ये मुलांना सुमारे सहा आठवडे घराबाहेर पडायलाच बंदी होती. 26 एप्रिल 2020 पासून त्यांना एका मोठ्या माणसासोबत, घरापासून एक किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास बाहेर जाण्याची मुभा मिळाली. तेथील पालकांनी त्या एका तासाचे किती स्वागत केले, हे त्या दिवसाच्या बातम्यांत दिसले होते.

प्रश्न : आमचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांचा आहे. इतर मुले भेटतच नाहीत. तो मिसळायला विसरेल का?

उत्तर : अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी बालशाळेतील मुलांचे निरीक्षण करून 1932 मध्ये खेळातील सहभागाचे प्रकार मांडले. लहान मुले बऱ्याचदा एकटी खेळतात, इतरांचा खेळ पाहतात किंवा शेजारी बसून आपापला खेळ खेळतात. ठरवून, भूमिका वाटून खेळणे वयाबरोबर वाढत जाते. म्हणजे तुमचा मुलगा जे गमावतो आहे ते खरे असले, तरी ज्या कौशल्याची तुम्हाला काळजी वाटते ते त्याच्या वयात अजून घडायचेच आहे. सध्या तुम्हीच त्याचे सवंगडी व्हा, पण नेहमी ऐकणारे सवंगडी होऊ नका. कधी “आता माझी पाळी” म्हणा, कधी त्याला हवा असलेला ठोकळा तुम्हालाही हवा असू द्या. मित्राशी फोनवर भेट घडवायची असेल तर दोघांच्या हातात काहीतरी असू द्या, कारण नुसते “बोल ना” म्हटले की या वयाची मुले पळून जातात. पुढे बालवाडी उघडल्यावर तो काही दिवस कडेला उभा राहून पाहील. त्याला ढकलू नका, ते पाहणेही खेळाचाच भाग आहे. डेन्मार्कने 15 एप्रिल 2020 पासून लहान मुलांच्या संस्था पुन्हा उघडल्या, तेव्हा मुलांना छोट्या, ठरलेल्या गटांत ठेवले होते. माझ्या मते बुजऱ्या मुलांना अशी सुरुवात एरवीच्या गर्दीपेक्षा सोपी जाते.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी दिवसभर एकाच खोलीत असतात. तो जे रचतो ते ती पाडते आणि त्याचे लहान तुकडे तोंडात घालते. दोघांना एकत्र खेळू द्यावे का? आणि त्यांना मुखपट्टी लावावी का?

उत्तर : काही वेळ एकत्र आणि काही वेळ वेगळे. मुलाला टेबलाच्या उंचीवर, तिचा हात पोहोचणार नाही अशी त्याची जागा द्या आणि तेथे रचलेले पाडले जाणार नाही याची हमी तुम्ही घ्या. दादा म्हणून त्याने सगळे सोसावे अशी अपेक्षा अन्यायाची आहे. एकत्र खेळासाठी पाडण्यातच मजा असलेले काही निवडा : तो खोक्यांचा मनोरा रचेल आणि ती तो पाडेल.

सुरक्षिततेत मात्र तडजोड नको. तीन वर्षांखालील मुलांसाठी सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावणारी कोणतीही वस्तू घशात अडकण्याजोगी समजतात. नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या असलेली खेळणी आणि रिमोट तपासा व त्यांची झाकणे स्क्रूने बंद आहेत याची खात्री करा, कारण अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा करू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा. घरात असलेले सॅनिटायझर उंचावर ठेवा, त्यातील अल्कोहोल लहान मुलांना विषारी ठरते. घरात हात धुण्यासाठी साबण, पाणी आणि वीस सेकंद पुरेसे आहेत. पाण्याच्या खेळात हाताच्या अंतरावर बसा आणि खेळ संपला की बादली लगेच रिकामी करा, कारण काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. मुखपट्टीबद्दलही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट 2020 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ती सक्तीची करू नये. त्यामुळे मुलीला ती नको. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याच्यासाठी तुमच्या भागातील संसर्ग, तो ती नीट वापरू शकतो का आणि घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे का, हे पाहून ठरवा.